कुंभाराचं गाढव आणि ओझरची बाग

आम्हाला दिलेला विषय असा आहे : ‘नवा उद्योग कशाने तगतो?’ संयोजकांची अपेक्षा बहुधा अशी असावी की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस चिकाटी, ध्येय, आत्मविश्वास यांवर बोलेल आणि तासाभरात सगळे चहाला जातील. चहाला आपण जाऊच. पण चिकाटीवर बोलायचं नाही असं आम्ही ठरवून आलो आहोत, त्याचं कारण आधी सांगतो.

आमचा एक विद्यार्थी होता. तत्त्वज्ञान हा त्याचा दुय्यम विषय. खरं मन यंत्रात. त्याने दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन घेऊन वर्कशॉप काढलं. काम उत्तम, मापं चोख. एका मोठ्या कारखान्याचं काम मिळालं तेव्हा पेढे घेऊन घरी आला. त्यानंतर वर्षभरात तीनदा आला, आणि दर वेळी चेहरा उतरत गेलेला. माल जात होता, बिलं पास होत नव्हती. स्टील रोखीने आणायचं, कामगारांचा पगार सात तारखेला, आणि स्वतःचे पैसे सहा-सहा महिन्यांनी. आम्ही त्याला सांगितलं, ‘धीर धर, तुझ्यात गुण आहेत.’ त्याच्यात गुण होतेच. वर्कशॉप तरीही बंद पडलं. नंतर गावात जो तो म्हणायचा, ‘त्याला धंदा जमला नाही.’ हे वाक्य आम्हाला फार वर्षं खुपत आलं आहे, आणि आमचा तो ‘धीर धर’ त्याहून जास्त. आजचं व्याख्यान म्हणजे त्या दोन वाक्यांची उलटतपासणी समजा.

आता थोडं न्यायशास्त्र. घाबरू नका, पाच मिनिटांत संपेल.

मडकं कशाने झालं? नैयायिक सांगतात : माती हे समवायी कारण. कुंभार, त्याचं चाक, त्याची काठी ही निमित्तकारणं. मग ते विचारतात, मडक्याच्या आधी तिथे हजर असलेलं सगळंच कारण मानायचं का? नाही. कार्याच्या आधी नेमाने असणं तर हवंच, पण जे ‘अन्यथासिद्ध’ आहे, म्हणजे ज्याच्यावाचूनही कार्याचा उलगडा होतो, ते वगळायचं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त अशा वगळलेल्यांची यादीच आहे. त्यात कुंभाराचा बाप आहे, कारण तो कुंभाराचं कारण, मडक्याचं नव्हे. आणि शेवटी आहे गाढव. ज्याच्या पाठीवरून माती आली ते गाढव! हे गाढव नसतं तर दुसरं असतं, नाहीतर डोक्यावरून माती आणली असती. तेव्हा गाढव कारण नव्हे.

तर्क म्हणून हे बिनतोड आहे. चाळीस वर्षं आम्ही ते शिकवलं आणि प्रत्येक वर्ग गाढवापाशी हसला. पण इतिहास वाचू लागलो तेव्हा आमची पंचाईत झाली. ‘मडकं’ या जातीचा विचार करणाऱ्याला गाढव वगळता येतं. एका विशिष्ट गावात, विशिष्ट साली, एक मडकं झालं आणि दुसरं झालं नाही, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याला आधी गोठ्यात डोकावावं लागतं. आणि उद्योगांचा इतिहास आपण जो ऐकतो तो जवळजवळ सगळा कुंभाराच्या कौतुकाचा. गाढव गायब, बाप तर त्याहून गायब.

म्हणून आज गाढवं शोधायची. लांब जायला नको, ओझरातच भरपूर आहेत. (कृपया कोणी अंगाला लावून घेऊ नये.)

सन १९२५. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी इथे द्राक्षाची लागवड सुरू केली. नाशिकच्या द्राक्षाची सुरुवात इथून मोजतात. आज जिल्ह्याची ओळखच द्राक्ष आहे, त्यामुळे त्या पहिल्या बागेचं धाडस आपल्याला जाणवत नाही. बाजरी, गहू, हरभरा पिकवणाऱ्या मुलखात मांडव घालायचा, वेल चढवायचा, आणि जे फळ गावात कोणी विकत घेणार नाही ते पिकवायचं. कुंभाराला नमस्कार आहेच. पण नकाशा बघा. ओझर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर आली, आणि निफाड तालुक्यातून ती पुढे मनमाडकडे जाते. द्राक्ष हे चार दिवसांत मान टाकणारं फळ. ते पैसेवाल्या गिऱ्हाइकापर्यंत, म्हणजे मुंबईपर्यंत, पोचवणारी वाट त्या बागेच्या साठ वर्षं आधीच तयार होती. आणि ती द्राक्षासाठी कोणी बांधली नव्हती. हीच द्राक्षं रस्ता-रेल्वेपासून दूरच्या एखाद्या खेड्यात लागली असती तर आपण आज ‘एक हौशी गृहस्थ होते’ एवढंच म्हटलं असतं, किंवा तेही नाही.

हीच गोष्ट किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बढतीत डावललं म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर विकायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. इथवर सगळे सांगतात. पुढे बेळगाव नगरपालिकेने वस्तीवाढीसाठी जागा सोडायला लावली, आणि बसवलेला कारखाना रस्त्यावर आला. अशा वेळी चिकाटी काय करणार? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले, कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, बिनव्याजी पैसे दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘माळ’ या शब्दावर सगळे थांबतात. आम्ही ‘स्टेशन’ या शब्दावर थांबतो. आणि ‘बिनव्याजी’ या शब्दावर तर थोडं जास्तच. दोन वर्षं न खपणारा नांगर सोसायला दोन वर्षं न टोचणारा पैसा लागतो. व्याजाचं चक्र जर मालाच्या विक्रीपेक्षा वेगाने फिरत असेल, तर मालाचा दर्जा कितीही असो, माणूस बुडतो. हे गणित आहे, यात स्वभावाचा प्रश्न येत नाही.

आता ओझरच्या त्या प्रकरणाकडे येऊ ज्यासाठी खरं तर आम्ही हे निमंत्रण स्वीकारलं. वाघाडचं पाणी.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, कोळवण नदीवर. कालवा निघाला, चाऱ्या निघाल्या, आणि ओझर पडलं उजव्या कालव्याच्या शेपटाला. पाटपाण्यात ‘टेल’ला असणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वरचे भिजवणार, रात्री चारी फोडणार, आणि खाली कागदावरचं पाणी. शेतकऱ्याने नमुना नंबर सात भरून मागणी करायची. पाणी येईल का, कधी, किती, हे दैवावर. कोणतं पीक घ्यायचं त्यालाही मंजुरी.

अशा ठिकाणी द्राक्षाची बाग कोण लावील? बागेचा हिशोब बघा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मांडव, तारा, रोपं, औषधं हा सगळा खर्च आधी, आणि पहिलं खरं उत्पन्न दीड-दोन वर्षांनी. एप्रिल छाटणीनंतर ऐन उन्हाळ्यात पाण्याचा मेळ बसला नाही, तर काडीत घड तयार होत नाही, आणि ते कळतं ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे पैसे खर्च झाल्यावर! तेव्हा पाणी ‘भरपूर’ असण्यापेक्षा ते ‘ठरलेलं’ असणं महत्त्वाचं. ठरलेलं असेल तर माणूस कर्ज काढायचं धाडस करतो. नसेल तर शहाणा माणूस बाजरीच पेरतो, आणि मग आपण वर तोंड करून म्हणतो की आमच्या शेतकऱ्यात उद्यमशीलता नाही.

हे कोडं सोडवलं ‘समाज परिवर्तन केंद्रा’ने : बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांचे सहकारी. १९९०-९१ च्या सुमारास ओझरला तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. कल्पना ऐकायला सोपी. सरकारने एकेका शेतकऱ्याला पाणी देण्याऐवजी संस्थेला चारीच्या तोंडाशी मोजून द्यायचं, घनमापन पद्धतीने. जितकं पाणी तितका पैसा. आत वाटप संस्थेने करायचं, पाळ्या संस्थेने लावायच्या, वसुली संस्थेने करायची. कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवणार.

करायला मात्र अजिबात सोपी नव्हती. जे पाणी कधी टेलला पोचलंच नाही त्याची पट्टी आगाऊ भरा, असं शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पाटबंधारे खात्याशी करार, मोजमापाची तजवीज, फुटक्या चाऱ्यांची दुरुस्ती, भावकीची भांडणं. बैठका, बैठका आणि बैठका. इतिहासात बैठकांचा पुतळा होत नाही, पण ओझरात तो व्हायला हरकत नाही.

यातली सर्वात हुशारीची गोष्ट आम्हाला वाटते ती बाणगंगेवरच्या आणि ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांची. कालव्याचं पाणी संस्थांनी फक्त शेतात सोडलं नाही. बंधारे भरून घेतले. त्यातून विहिरींना पाझर गेला. म्हणजे पाटाची पाळी पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी विहीर सांभाळून घेते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बागायतदाराच्या खात्यावर थोडी शिल्लक राहू लागली, पाण्याची. हे पाणी कोणाच्या विहिरीत किती पाझरलं ते नेमकं मोजता येत नाही, तरी सगळ्यांनी मिळून खर्च सोसायचा, असं ठरलं. आमच्या मते सहकाराची खरी परीक्षा तिथे झाली.

मग टेलच्या शिवारात बागा आल्या, भाजीपाला आला. वाघाडवर पुढे अशा संस्था वाढत गेल्या, चोवीस झाल्या, आणि प्रकल्पपातळीवरची संस्था होऊन सगळ्या कालव्याचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांकडे आलं. महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा केला, त्याच्या आधी इथला अनुभव जमा होता. अशा संस्था राज्यात अनेक ठिकाणी कागदावर निघाल्या आणि कागदावरच राहिल्या, हेही खरं. इथे पाणी आणि पैसा दोन्ही एकाच सभेत मोजले गेले, हा फरक आम्हाला मोठा वाटतो. तसं पाहिलं तर आपल्या भागाला हे नवं नव्हतं. बागलाण-धुळ्याकडची फड पद्धत, नदीवरचा बंधारा, गावाने नेमलेला पाटकरी, ही व्यवस्था काही शतकं चालत आलेली आहे.

आता विचारा स्वतःला. १९९५ साली ओझरच्या टेलला एखाद्या तरुणाने बाग लावली आणि ती यशस्वी झाली. त्याची मुलाखत घेतली तर तो काय सांगेल? पहाटे चारला उठायचो, कलमं निवडून आणली, फवारणी स्वतः केली. सगळं खरं. चारीच्या तोंडाशी बसवलेल्या मोजमापाचा उल्लेख तो करणार नाही. गाढव गोठ्यात, कुंभार व्यासपीठावर.

उलट उदाहरणही आपल्याच तालुक्यात आहे. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण जाहीर केलं, वाइनला करसवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झालं. त्याआधीच राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ कुटुंबाच्या जमिनीवर सुला सुरू केली होती. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. (कुटुंबाच्या जमिनीवर, हे लक्षात ठेवा. कुंभाराचा बाप अन्यथासिद्ध असेल न्यायशास्त्रात, बँकेत नसतो.) तो उद्योग तगला, वाढला. त्याचं बघून आणि सवलती बघून पुष्कळांनी वायनरी काढल्या, शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली. ही द्राक्षं खायची नव्हेत, दुसऱ्या बाजारात विकता येत नाहीत. २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेलं ओस पडली, आणि मागणी बसली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, शेतकऱ्यांची द्राक्षं उचलायला कोणी नाही. नारायणगावच्या शातो इंडाजसारखी जुनी मोठी कंपनीसुद्धा त्या काळात कोसळली. कित्येक बागा उपटल्या गेल्या. इथे जमीन होती, सवलत होती, भूखंड होते, धाडस तर होतंच. पिणारे पुरेसे नव्हते. सवलत माल तयार करायला लावते. गिऱ्हाईक तिला तयार करता येत नाही. सुलाने लोकांना बागेत बोलावून, चव चाखवून, हळूहळू गिऱ्हाईक घडवलं. तो खर्च कोणत्याही सवलतीत बसत नव्हता.

आणि गिऱ्हाईक असूनही घात होतो, तो २०१० मध्ये झाला. युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला, आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. शेतकऱ्यांचा दोष किती? ज्या रसायनाची तपासणी इथे नीट होत नव्हती त्याची मर्यादा तिथे काटेकोर होती. एकट्या बागायतदाराला ही प्रयोगशाळा परवडत नाही, ही बातमीसुद्धा वेळेवर कळत नाही. त्या फटक्यानंतर मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. स्वतः शिंद्यांची शेतीतली सुरुवातीची वर्षं प्रयोगांत आणि कर्जात गेली, हे ते उघडपणे सांगतात. पण कंपनी कोणत्या कायद्याखाली निघाली? कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘उत्पादक कंपनी’ हा प्रकार आला, अलघ समितीच्या शिफारशीतून. सहकाराचं एक माणूस एक मत, आणि कंपनीची चपळाई. ते दार नसतं तर आत कुठून जाणार होते? २०२२ मध्ये सह्याद्रीत युरोपातल्या संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. बारा वर्षांपूर्वी ज्या युरोपने माल अडवला होता त्याच बाजूचा पैसा! आम्हाला या योगायोगाची गंमत वाटते.

ओझरात बोलतो आहोत आणि एचएएलचं नाव घेतलं नाही तर आम्हाला एसटीत बसू देणार नाहीत. त्या गाडीवर पाटीच असते ‘ओझर मिग’. रशियाशी १९६२ मध्ये करार झाला. त्याच वर्षी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग-२१ चा कारखाना इथे आला. एमआयडीसी १९६२ ची. सातपूर आणि मग अंबड त्यानंतरचे. एका कारखान्याने या परिसराला एक सवय लावली, ती म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार करण्याची. ती सवय बाहेर पडून सातपूर-अंबडच्या शेडांमध्ये गेली. हे मोठंच ऋण आहे.

पण एकाच गिऱ्हाइकावर जगण्याचा धोकाही याच गावाने पाहिला. मिग, मग सुखोई, मग सुखोईचं मूळ काम संपत आलं, आणि पुढची ऑर्डर कधी? बारा नव्या सुखोईंचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तेजसची इथे तयार झालेली पहिली विमानं आता उडू लागली आहेत. मोठा कारखाना मधली वर्षं काढतो. त्याच्यासाठी जिग-फिक्स्चर करणाऱ्या दहा माणसांच्या शेडला दोन वर्षांची पोकळी म्हणजे आयुष्याचा प्रश्न. जे टिकले त्यांतल्या बहुतेकांनी निम्मं काम दुसऱ्या कोणाचं धरून ठेवलं होतं, मोटारींचं, पंपांचं, नाहीतर द्राक्षाच्या फवारणी यंत्रांचं. बाणगंगेच्या बंधाऱ्यासारखंच हे : पाळी चुकली तर विहीर.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याच्या वेळी लहान उद्योगांचा २००६ चा कायदा आलेला होता. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कायद्यात सगळं होतं. पण त्याने नोंदणी केलेली नव्हती, आणि केली असती तरी एकुलत्या एक गिऱ्हाइकावर तक्रार कोण करतो? एप्रिल २०२४ पासून आयकरात तरतूद आली की अशा लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळणार नाही. ही तरतूद आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात लहान माणसाला भांडावं लागत नाही. अर्थात मोठ्यांनी लगेच नोंदणी नसलेला पुरवठादार शोधायला सुरुवात केली, अशी कुरबुरही ऐकू येते. बिलावर आधी पैसे मिळवून देणारी ट्रेड्स नावाची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने केली आहे. तिचा उपयोग इथल्या किती शेडांना माहीत आहे, हे या सभागृहात हात वर करून विचारलं तर बरं होईल.

(इथे हात वर झाले. चार होते.)

तो विद्यार्थी आज दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मिलिंग मशीन त्याने त्याच गल्लीतल्या एका मुलाला विकलं. त्या मुलाचं बरं चाललं आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता, तेव्हा आम्ही त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “सर, तुम्ही धीर धर म्हणालात त्याचं काही नाही. पण तेव्हा तुमच्या ओळखीत एखादा सीए होता का, हे मला विचारायचं होतं आणि मी लाजलो.”

ओळखीत होता. शेजारीच राहायचा.